चौथ्या लाइनीत धसमुसळा की कसबी? आइस हॉकीच्या कोचपुढचा पेच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटोजवळच्या आमच्या घरी हिवाळ्यात भारतातून कुणी राहायला आलं की पहिले दोन दिवस एकच तक्रार असते, "पक दिसतच नाही." पक म्हणजे चेंडूच्या जागची रबराची काळी चकती. मग नजर सरावते आणि प्रश्न सुरू होतात. गंमत म्हणजे ते गोल मारणाऱ्यांबद्दल फारसे नसतात. मधूनच मैदानात येतात, कुणाला तरी भिंतीवर आपटतात आणि परत जाऊन बसतात, त्या तिघांबद्दल असतात. गेल्या काही हिवाळ्यांत मेहुणे, मामा, मित्र आणि मित्रांच्या मुलांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं बोलणं बर्फावरच्या हॉकीचं, त्यातही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचं आहे. धनराज पिल्लेंच्या हॉकीशी गल्लत नको.

चौथी लाइन म्हणजे नेमकं काय?

मॅचला संघ 20 जण उतरवतो: 2 गोली (गोलरक्षक) आणि 18 स्केटर. या 18 मध्ये सहसा 12 फॉरवर्ड आणि 6 डिफेन्समन असतात. 12 फॉरवर्डचे तिघातिघांचे चार गट केले की झाल्या चार लाइनी. प्रत्येकीत मधे एक सेंटर आणि दोन बाजूंना दोन विंगर. बर्फावर पूर्ण जोर लावून पळणं 40-45 सेकंदांपलीकडे कुणालाच झेपत नाही, त्यामुळे खेळ चालू असतानाच माणसं बदलत राहतात. या एका फेरीला शिफ्ट म्हणतात. मॅच 60 मिनिटांची, वीस-वीस मिनिटांच्या तीन पिरियडची. त्यात पहिल्या लाइनीचे स्टार 18-20 मिनिटं खेळतात, तर चौथीच्या वाट्याला 8 ते 12 येतात.

दहाच मिनिटांचा प्रश्न आहे, मग कोच एवढं डोकं का खपवतो?

कारण दहा मिनिटांत गोल खाता येतो. एनएचएलमध्ये एका संघाचे मॅचला सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. तिथे चौथ्या लाइनीने एक खाल्ला की वरच्यांनी तासभर केलेली कमाई गेली.

चौथ्या लाइनीकडून पहिली अपेक्षा गोलाची नसतेच. पक जिथे मिळाला त्याच्या पुढे कुठेतरी सोडून या, एवढंच मागणं असतं. उसनं आणलेलं भांडं निदान घासून परत करावं, तसं. आता आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं देत नाहीत, चार वड्या घालून देतात. कसबी खेळाडूकडून कोचला त्या वड्यांची आशा असते. धसमुसळ्याकडून भांडं घासून मिळालं तरी पुरे. सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. फक्त कसबी माणसाने वड्यांच्या नादात भांडंच फोडलं तर काय, ही कोचची रात्रीची झोप उडवणारी गोष्ट.

दुसरं कारण वरच्या लाइनींच्या पायांचं. चौथीवर भरवसा नसला की कोच तिला बाकावरच बसवून ठेवतो आणि तीन लाइनींवर मॅच काढतो. एखाद्या रात्री ते चालतं. पण मोसम ऐंशीहून जास्त मॅचेसचा आहे, आणि तिसऱ्या पिरियडमध्ये पाय जड झालेला स्टार हा साधा खेळाडू असतो.

धसमुसळा म्हणजे मारामारी करायला ठेवलेला माणूस ना?

एके काळी होय. त्याला एन्फोर्सर म्हणत. 1980 च्या दशकात एडमंटनमध्ये वेन ग्रेट्झकीला कुणी धक्का दिला की डेव्ह सेमेंको हिशोब चुकता करायला यायचा. असा एक गडी प्रत्येक संघ बाळगून असे. काही जण मॅचमध्ये चार-पाच मिनिटं खेळत आणि त्यातलीही निम्मी हातमोजे टाकून.

2004-05 चा मोसम मालक-खेळाडूंच्या वादात पूर्ण वाहून गेला, आणि परतल्यावर खेळ बदलला. अडवाअडवीवर पंच कडक झाले, दोन रेषा ओलांडणारा लांब पास कायदेशीर झाला. खेळ एकदम वेगवान झाल्यावर ज्याला नुसतं उभं राहता येतं तो उघडा पडला. मग 2011 चा उन्हाळा आला. डेरेक बूगार्ड, रिक रिपियन आणि वेड बेलाक, तिघेही मारामारीसाठी ओळखले जाणारे, चार महिन्यांच्या आत गेले. बूगार्ड अवघा 28 वर्षांचा होता. डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार त्याला होता, हे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलं. त्यानंतर या भूमिकेकडे पूर्वीसारखं टाळ्या वाजवत बघणं बऱ्याच जणांना जमलं नाही. मलाही नाही.

शेवटचा प्रसंग मात्र गोड आहे. जॉन स्कॉट नावाच्या एन्फोर्सरला चाहत्यांनी थट्टेत मतं देऊन 2016 च्या ऑल-स्टार मॅचला निवडून दिलं. 286 मॅचेसमध्ये 5 गोल असा त्याचा एनएचएलमधला एकूण हिशोब. नॅशव्हिलला त्या एका रात्री त्याने दोन गोल मारले आणि सामनावीर ठरला.

आज धसमुसळा म्हणजे ज्याला स्केटिंग येतं, जो वेळेवर पोचतो आणि पोचल्यावर अंग झोकून देतो, असा माणूस. मारामारी जमत असेल तर ती वरची.

मग नुसते धक्के मारून संघाला मिळतं काय? गोल तर होत नाही.

एक शिफ्ट जवळून बघू. आपला सेंटर मधली लाल रेषा ओलांडतो आणि पक समोरच्या कोपऱ्यात ढकलून देतो. त्यांचा डिफेन्समन मागे वळून पळतो. त्याची पाठ आपल्याकडे आहे, पण मागून येणाऱ्या स्केटची खरखर त्याला ऐकू येतेय, आणि येणारा गडी 100 किलोंचा आहे हेही त्याला ठाऊक आहे. मान वळवून बघायला अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद खर्च करायचा की आंधळेपणाने पक सोडून द्यायचा? तो सोडून देतो. तरीही खांदा बसतोच, काच थरथरते. पक भिंतीच्या कडेकडेने वर येतो, तिथे आपला दुसरा विंगर आधीच उभा असतो. तो स्केटने पक थांबवतो, परत कोपऱ्यात घालतो. पुन्हा तेच. चाळीस सेकंद झाली, एकही शॉट नाही. आपले तिघे बाकाकडे वळतात आणि उडी मारून पहिली लाइन येते. पक समोरच्यांच्याच भागात, आणि त्यांचे पाचही जण दमलेले, बदली करता न येण्याच्या जागी अडकलेले.

स्कोअरशीटवर याची नोंद "हिट 1" एवढीच. पण प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, सात मॅचेसच्या मालिकेत त्याच डिफेन्समनला हा अनुभव तीसेक वेळा येतो, आणि पाचव्या मॅचपासून कुणी अंगावर आलेलं नसतानाही तो पक घाईने सोडायला लागतो.

आणि कसबी माणूस खाली का फुकट जातो? चांगला खेळाडू कुठेही चांगलाच ना?

गोडबोलेपणा न करता सांगायचं तर, नाही. कसब हाताचं असतं, आणि हात गरम राहायला पक सतत स्टिकला लागावा लागतो. चौथ्या लाइनीत पाच मिनिटं थंड बसायचं आणि 40 सेकंद खेळायचं. बाजूच्या दोघांना तुम्ही दिलेला पास परत देता येईलच असं नाही. समोरचा खेळाडू पेनल्टीत बाहेर असताना मिळणारा पॉवर प्ले, जिथे कसबी माणसं गुण कमावतात, तोही सहसा नाही. म्हणजे गवयाला बसवलं पंगतीत वाढायला, आणि वर विचारायचं की आज गाणं का रंगलं नाही.

तरी काही जण ते जमवतात. जेसन स्पेझा हा एके काळचा ओटावाचा कर्णधार, पहिल्या दर्जाचा सेंटर. 2019 मध्ये तो 7 लाख डॉलर या लीगमधल्या तेव्हाच्या किमान पगारावर आपल्या गावच्या, टोरांटोच्या संघात आला. मोसमाची पहिली मॅच घरच्या मैदानावर, समोर ओटावाच, आणि कोच माइक बॅबकॉकने त्याला त्या रात्री बाहेर बसवलं. शहरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नोव्हेंबरमध्ये बॅबकॉक गेला, शेल्डन कीफ आला आणि स्पेझा चौथ्या लाइनीचा कायमचा माणूस झाला. फेसऑफ (दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतात तो) जिंकायचा, पॉवर प्लेच्या दुसऱ्या तुकडीत यायचा. फेब्रुवारी 2021 मध्ये व्हँकूव्हरविरुद्ध हॅटट्रिकही केली. आणि हाच कलाकार 2020 च्या उन्हाळ्यात कोलंबसविरुद्ध संघ मागे पडलेला असताना हातमोजे टाकून मारामारीला उभा राहिला होता. ती मॅच टोरांटोने शेवटच्या चार मिनिटांत तीन गोल करून बरोबरीत आणली आणि जादा वेळेत जिंकली. मारामारीमुळे जिंकली असं मी म्हणणार नाही. पण 37 वर्षांचा स्पेझा ठोसे खातोय हे बाकावरच्या पोरांनी बघितलं होतं.

कोच प्रत्यक्षात कशावरून ठरवतो?

माझं मत विचाराल तर "धसमुसळा की कसबी" हा प्रश्न टीव्हीवरच्या तज्ज्ञांचा आहे. कोचचा प्रश्न वेगळा असतो: "याला मी कधी पाठवू शकतो?" ज्याला जास्त प्रसंगी पाठवता येतं, तो खेळतो. मग तो कुठल्याही जातकुळीचा असो.

पहिला प्रसंग पेनल्टी किलचा. आपला एक जण दोन मिनिटं बाहेर, चौघांनी पाच जणांना थोपवायचं. हे काम पहिल्या लाइनीच्या स्टारकडून कमीत कमी करून घ्यावं अशी कोचची इच्छा असते, आणि चौथ्या लाइनीतले दोघे तरी त्यात हवेत. दोन उमेदवार सारखे असतील आणि एकाला पेनल्टी किल जमत असेल, तर चर्चा तिथेच संपते. कसबी पोरं बऱ्याचदा इथे हरतात. त्यांना जमत नाही असं नसतं, ज्युनियरमध्ये ती स्टार असल्यामुळे त्यांना ते कुणी करूच दिलेलं नसतं.

दुसरा फेसऑफ. स्वतःच्या गोलच्या बाजूला, एक गोलने पुढे असताना, शेवटचं मिनिट. सेंटर डावखुऱ्या स्टिकचा की उजव्या, यावरून त्याला कुठल्या बाजूचा फेसऑफ सोपा जातो ते ठरतं. संघात आधीच तीन डावे सेंटर असतील तर चौथा उजवा शोधतात. एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने माणसांच्या नोकऱ्या लागल्या आहेत.

तिसरा, भिंतीवरची लढाई. स्वतःच्या भागात विंगरकडे भिंतीच्या कडेने पक येतो, समोरचा डिफेन्समन अंगावर चालून येतो, आणि आता पक आपल्या भागाच्या निळ्या रेषेबाहेर गेलाच पाहिजे. सुंदर पास द्यायची ही जागा नव्हे. काचेवर आपटून बाहेर, बस्स. अर्थात काचेवरून थेट प्रेक्षकांत गेला तर दोन मिनिटांची पेनल्टी. 2025 च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेत पहिल्याच मॅचच्या जादा वेळेत फ्लोरिडाच्या चौथ्या लाइनीचा टोमाश नोसेक नेमकं हेच करून बसला. त्या पॉवर प्लेवर एडमंटनच्या लिऑन ड्रायसाइटलने गोल मारून मॅच संपवली. कोच पॉल मॉरिसने नोसेकला पुढच्या मॅचला बाहेर काढलं नाही, आणि फ्लोरिडाने मालिका 4-2 अशी जिंकली. काचेवरून पक जाणं हा अपघात, हे मॉरिसला कळतं. आळसाने स्टिक अडकवून घेतलेली पेनल्टी असती तर कदाचित वेगळी गोष्ट ऐकायला मिळाली असती.

चौथा, अंगावर शॉट घेण्याची तयारी. 5 जून 2013, बॉस्टन विरुद्ध पिट्सबर्ग. ग्रेगरी कॅम्पबेल पेनल्टी किलवर येव्गेनी माल्किनचा शॉट अडवायला आडवा पडला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. तो उठला, आणि पक बाहेर जाईपर्यंत जवळजवळ मिनिटभर त्याच पायावर उभा राहून जागा अडवत राहिला. बॉस्टन ती मॅच दुसऱ्या जादा पिरियडमध्ये 2-1 ने जिंकलं. असं खेळावं असं कुणालाच सांगू नये. पण कोच चौथ्या लाइनीत काय शोधतात ते यापेक्षा नेमकं दाखवता येणार नाही, आणि ते धसमुसळेपणाही नाही, कसबही नाही.

हिट्सचा आकडा जास्त म्हणजे खेळाडू चांगला?

सावकाश. धक्का ज्याच्याकडे पक आहे त्याला मारतात. म्हणजे तुमचा संघ हिट्समध्ये फार पुढे असेल तर पक बहुधा समोरच्यांकडेच होता. शिवाय हिट कशाला म्हणायचं हे त्या त्या स्टेडियममधल्या नोंद करणाऱ्याच्या हातात असतं, आणि काही हात सढळ असतात.

तरी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 2024-25 मध्ये व्हँकूव्हरच्या कीफर शेरवुडने 462 हिट्स केल्या. आधीचा विक्रम 383 चा होता. आणि त्याच मोसमात त्याने 19 गोलही मारले. "की" हा शब्द ज्यांनी या वादात घातला त्यांनी शेरवुडकडे बघावं. अडचण एवढीच की असा माणूस चौथ्या लाइनीत फार दिवस राहत नाही. वर चढतो किंवा महाग होतो.

पण स्टारच्या संरक्षणासाठी एक दांडगा हवाच ना?

हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. स्टारला धक्का बसतो तेव्हा दांडगा बाकावर बसलेला असतो.

पिट्सबर्गने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं वेगाच्या जोरावर कप जिंकला. मग जून 2017 मध्ये पहिल्या फेरीतला ड्राफ्टचा हक्क, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतली आपली पाळी, देऊन रायन रीव्ह्जला आणलं, आणि आठ महिन्यांत त्याला दुसरीकडे धाडलं. त्यांच्या खेळात त्याला जागाच नव्हती. मजा पुढे आहे. तो गेला वेगासला, आणि मे 2018 मध्ये आपल्याच जन्मगावी, विनिपेगमध्ये, त्याने मारलेल्या गोलने वेगास पहिल्याच मोसमात अंतिम फेरीत पोचलं. धसमुसळ्यांनी माझ्यासारख्यांना असं अधूनमधून तोंडावर पाडलं आहे.

न्यूयॉर्क रेंजर्सची कथा जास्त बोलकी. मे 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने त्यांच्या पावेल बुचनेविचला आणि आर्टेमी पनारिनला एकाच हाणामारीत लोळवलं. त्याच आठवड्यात रेंजर्सचे अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर दोघांनाही नारळ मिळाला. उन्हाळ्यात त्यांनी रीव्ह्जला आणलं, आणि बुचनेविचला सेंट लुइसला देऊन त्या बदल्यात सॅमी ब्ले हा जोरकस विंगर आणि एक ड्राफ्टचा हक्क घेतला. बुचनेविचने पुढच्या मोसमात 30 गोल आणि, करवलेले गोल धरून, एकूण 76 गुण केले. ब्ले 14 मॅचेसनंतर गुडघा दुखावून घरी बसला. रेंजर्स त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेले हेही सांगायला हवं, पण त्याचं श्रेय त्यांच्या गोलीचं, इगोर शेस्टर्किनचं.

घरची मॅच आणि बाहेरची मॅच यात निवड बदलते का?

बदलते. खेळ थांबल्यावर माणसं बदलायची तर पाहुण्या संघाने आधी आणि यजमानाने नंतर, असा नियम आहे. त्यामुळे घरी कोच समोर कोण आलंय ते बघून आपली लाइन धाडू शकतो, आणि चौथीवर स्टार येणार नाहीत अशी व्यवस्था करू शकतो. तेव्हा एखादा कसबी पण बचावात कच्चा पोरगा लपवता येतो. बाहेरच्या मैदानावर समोरचा कोच त्याला हुडकून काढतो. आयसिंग केलं, म्हणजे मधल्या रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्या टोकाला भिरकावला, तर 2005 पासून त्याच पाच जणांना बर्फावर राहावं लागतं, मग तर लपायला जागाच नाही.

प्लेऑफमध्ये धसमुसळेच लागतात असं सगळे म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. पंच थोडं सोडून देतात, एकाच संघाशी सात-सात वेळा गाठ पडते, जोर कामाला येतो. टॅम्पा बेने 2018-19 मध्ये 62 मॅचेस जिंकल्या आणि पहिल्याच फेरीत कोलंबसने त्यांना 4-0 ने घरी पाठवलं. त्यानंतर त्यांनी पॅट मरून या थोराड विंगरला घेतलं. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो या दोन चिवट खेळाडूंसाठी पहिल्या फेरीतले हक्क मोजले. पुढचे दोन्ही कप टॅम्पाचे. यावरून "जोर आणला, कप आला" असा निष्कर्ष लोक काढतात. पण कोलमन-गुड्रो यांच्या मधे उभा होता यानी गोर्ड, जेमतेम पावणेसहा फुटांचा. ती लाइन जोरापेक्षा दमाने खेळायची.

उलट बाजूचं उदाहरण कोलोरॅडो 2022. चौथ्या लाइनीत अँड्र्यू कॉग्लियानो, डॅरेन हेल्म, लोगन ओ'कॉनर. तिघेही मुख्यतः पायांवर जगणारे. सेंट लुइसविरुद्धची मालिका हेल्मच्या गोलने संपली, घड्याळात 5.6 सेकंद उरलेली असताना.

दोन्ही बाजू एकाच कोचने एकाच महिन्यात दाखवल्या ते बॉस्टनला, 2011 मध्ये. टायलर सेगिन, 19 वर्षांचा, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा पोरगा. क्लॉड ज्युलियनने त्याला प्लेऑफच्या पहिल्या 11 मॅचेस बाहेर बसवलं. पॅट्रिस बर्जरॉन जायबंदी झाला म्हणून टॅम्पाविरुद्ध आत घेतलं, आणि दुसऱ्या मॅचला त्या पोराने एकाच पिरियडमध्ये दोन गोल केले, दोन करवले. झालं, आता त्याला कोण काढणार? ज्युलियननेच काढलं. अंतिम मालिकेत व्हँकूव्हरकडून पहिल्या दोन मॅचेस एकेका गोलने हरल्यावर तिसरीला सेगिन बाहेर आणि शॉन थॉर्नटन, मारामारीत वाकबगार, आत. बॉस्टन 8-1 ने जिंकलं. त्याच मॅचमध्ये नेथन हॉर्टन जखमी झाल्यामुळे सेगिन चौथीला परत आला, आणि मालिका सातव्या मॅचला बॉस्टनने घेतली. सेगिन की थॉर्नटन, कुणाची निवड बरोबर होती? दोघांचीही, आपापल्या रात्री. ज्युलियनला जो प्रश्न पडला होता तो "कोण चांगला" हा नव्हताच. "आज आम्हाला काय कमी पडतंय" हा होता.

पैशाचा यात काही संबंध?

बराच. 2005-06 पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. तेव्हा ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाख. स्टारना देऊन उरलेल्यात चौथी लाइन बसवायची, म्हणजे बरेचसे किमान पगाराच्या आसपासचे; 2025-26 मध्ये तो 7 लाख 75 हजार डॉलर होता. या भावात दोन माल मिळतात: अनुभवी पण उतरणीला लागलेला कसबी, नाहीतर अंगमेहनतीचा तरुण. उमदं, विशीतलं, कसबी पोरगं असेल तर व्यवस्थापन त्याला वर आठ मिनिटं बसवण्यापेक्षा खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये वीस मिनिटं खेळवतं. मला हे योग्यच वाटतं. म्हणजे बऱ्याचदा कोचपुढे ज्याची निवड करायची तो कसबी खेळाडू त्या गावातच नसतो.

11 फॉरवर्ड आणि 7 डिफेन्समन हा काय प्रकार?

पळवाट. बारावा कुणी पसंत नसेल तर एक जादा डिफेन्समन खेळवायचा, आणि चौथ्या लाइनीच्या रिकाम्या जागी स्टारना आळीपाळीने जादा शिफ्ट द्यायची. टॅम्पाचा जॉन कूपर हे वर्षानुवर्षं करत आलाय.

हे क्रिकेटच्या भाषेत सांगा की.

आठव्या नंबरचा वाद. जून 2023, ओव्हल, कसोटी अजिंक्यपदाची अंतिम मॅच. अश्विन बाहेर आणि पालघरचा आपला शार्दूल ठाकूर आत. चार वेगवान हवेत आणि खाली थोडी बॅटिंगही हवी, म्हणून. शार्दूलने 51 काढले, भारत हरला, आणि आपण अजून भांडतोय. चौथ्या लाइनीचं भांडण इथे वर्षाला ऐंशीहून जास्त वेळा होतं.

सगळ्यात नावाजलेली चौथी लाइन कुठली?

माझं मत डेट्रॉइटच्या "ग्राइंड लाइन"ला. 1997 आणि 1998 च्या कपवाल्या संघातले क्रिस ड्रेपर, कर्क मॉल्टबी, आणि त्यांच्यासोबत आधी जो कोकर, मग डॅरेन मॅकार्टी. ड्रेपरला विनिपेगकडून एका डॉलरला घेतलं होतं, खरोखरच एका. कोकर 1996 च्या हिवाळ्यात हौशी लोकांच्या, मॅचनंतर बिअर पिण्याच्या लीगमध्ये खेळत होता, तिथून त्याला उचललं. 1997 च्या अंतिम मालिकेत पहिल्याच मॅचला मॉल्टबी आणि कोकर, दोघांनीही गोल मारले.

त्याच मालिकेतली कोच स्कॉटी बोमनची चाल जाता जाता सांगतो, जरी ती डिफेन्समनची आहे. फिलाडेल्फियाच्या एरिक लिंड्रोसच्या धिप्पाड लाइनीसमोर तो आडदांड व्लादिमिर कॉन्स्टांटिनोव्हला लावणार असं सगळे धरून चालले होते. त्याने लावली निक लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही शांत, कसबी जोडी. त्यांनी पक इतक्या लवकर बाहेर काढला की धक्का मारायला कुणी सापडेचना. 4-0.

माझा मुलगा इथल्या संघात खेळतो, पण अंगाने लहानखुरा आहे. त्याचं काय?

हा प्रश्न कॅनडा-अमेरिकेतले मराठी आईबाबा हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा मुलगा नऊ वर्षांचा असतो. आधी दम घ्या. कॅनडात 2013 पासून आणि अमेरिकेत त्याच्या दोन वर्षं आधीपासून, साधारण 13 वर्षांखाली धक्का मारायला परवानगीच नाही. तोवर त्याला स्केटिंग शिकू दे, मागे वळून पळता येऊ दे, डोकं वर ठेवून खेळायची सवय लागू दे. आणि कोचने पेनल्टी किलला विचारलं तर हात वर करायला सांगा. संघातली गोल मारणारी पोरं ते काम सोडून देतात, तुमचा करेल.

आज कोण बाहेर बसणार हे आधी ओळखता येतं?

मॅचच्या दिवशी सकाळी हलका सराव असतो. खेळणारे वीसेक मिनिटांत निघून जातात. उरतात तीन-चार जण आणि राखीव गोली. सहायक कोच त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवत राहतो, कारण रात्री त्यांना पळायला मिळणार नसतं. पत्रकार ते बघून दुपारी संघ जाहीर करून टाकतात. एकदा सराव बघायला गेलो असताना असा एक मागे राहिलेला खेळाडू सगळे गेल्यावरही एकटा पक गोळा करत होता, एकेक करून बादलीत. माणूस एनएचएलमधला, पण चेहरा बारावीचा निकाल लागलेल्या पोरासारखा.

पुढच्या मॅचला मी नेमकं काय बघू?

गोल झाला की रीप्ले बघू नका. कुणाचाही गोल असो, मधल्या वर्तुळातल्या फेसऑफला आपला कोच कुठली लाइन पाठवतो ते बघा. गोल खाल्ल्यावर लगेच चौथी लाइन आली, तर त्या तिघांवर कोचचा जीव आहे. दुसऱ्या पिरियडच्या मध्यानंतर ते तिघे दिसेनासे झाले, तर उद्या सकाळच्या सरावाला त्यांच्यातला एक जण बर्फावर उशिरापर्यंत थांबलेला दिसेल.